गाडीतला दोष आणि सरकारचा तराजू

नगर-मनमाड महामार्गावर प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारमधून दिवसाकाठी किती वाहने जातात, याचा हिशेब रस्त्याकडेच्या चहावाल्यालाही सांगता यायचा नाही. शिर्डीला निघालेल्या भाविकांच्या मोटारी, लोणी-प्रवरानगरकडे वळणारी उसाची वाहने, येथूनच फुटणाऱ्या घोटीच्या राज्यमार्गाला लागणारे मालाचे टेम्पो आणि आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मोटारसायकली यांची वर्दळ अखंड चालू असते. अशा रस्त्यावर अपघात झाला की त्याची चर्चाही ठरलेल्या वळणाने जाते. कोणी खड्ड्यांना दोष देतो, कोणी चालकाच्या डुलकीला, तर कोणी वेगाला. या तिन्ही कारणांत तथ्य असतेच. परंतु चौथेही एक कारण असू शकते आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच तिच्या ब्रेकमध्ये, सुकाणूत किंवा इंधनाच्या नळीत दोष राहिलेला असू शकतो. तो दोष चालकाला ठाऊक नसतो, गावच्या मेस्त्रीला ठाऊक नसतो; कंपनीला मात्र कित्येकदा ठाऊक असतो.

असा दोष उघडकीस आल्यावर त्या जातीच्या सर्व गाड्या परत मागवून कंपनीने त्या स्वखर्चाने दुरुस्त करून द्याव्यात, या प्रथेला जगभर ‘रिकॉल’ म्हणतात. भारतात ही प्रथा उशिरा आली आणि तिला कायद्याचे पाठबळ त्याहून उशिरा मिळाले. हे पाठबळ वापरणारे सरकार एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजते काय, हा यापुढचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो कारखानदारांच्या आपसातल्या भांडणाचा वाटेल. वस्तुतः तो कोल्हारच्या रस्त्यावरून गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी निगडित आहे.

कायदा काय सांगतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहने परत मागविण्याची स्पष्ट तरतूद नव्हती. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने एक स्वेच्छा-संहिता तयार केली. नावाप्रमाणेच ती स्वेच्छेची होती. ती मोडणाऱ्याला शासन करण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११०-अ हे कलम आले. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याचा संभव असेल, तर त्या प्रकारची वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र सरकार आता देऊ शकते. दोषाची माहिती ठरावीक प्रमाणातील वाहनमालकांकडून, चाचणी संस्थेकडून अथवा अन्य मार्गाने आलेली चालते. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवला व गाड्या परत मागविल्या, तर त्याला दंड माफ आहे. या कलमाचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. दंड १० लाख ते १ कोटी रुपये ठरला आणि सात वर्षांच्या आतील वाहनेच या तरतुदीच्या कक्षेत घेण्यात आली.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. याच दुरुस्तीतील वाहनचालकांवरचे वाढीव दंड केंद्राने १ सप्टेंबर २०१९ पासूनच लागू केले होते. महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ पर्यंत लांबविले, हा भाग वेगळा. हेल्मेट न घालणाऱ्याचा दंड वसूल करण्याची व्यवस्था आधी उभी राहावी आणि सदोष गाडी विकणाऱ्याच्या दंडाची नियमावली एकोणीस महिन्यांनी यावी, हा क्रमच पुरेसा बोलका आहे.

बाजाराला हे का जमत नाही

कोणी म्हणेल की यात सरकार हवेच कशाला? वाईट गाडी विकणाऱ्या कंपनीचे नाव खराब होईल आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. भाजीच्या बाजारात हे खरे आहे. वांगे किडके निघाले तर पुढच्या आठवड्यात गृहिणी दुसऱ्या वाट्याकडे वळते. मोटारीचे तसे नाही. तिच्यातील दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो आणि उघड होतो तेव्हा तक्रार करायला गिऱ्हाईक जिवंत असेलच असे नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला सारे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही अशी स्थिती असेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. प्रामाणिक विक्रेत्याला प्रामाणिकपणाचा भाव मिळत नाही, मग तो प्रामाणिक तरी का राहील?

हा विचार रिकॉलला लावून पाहिला म्हणजे सरकारच्या निःपक्षपातीपणाचे मोल ध्यानात येते. समजा, दोन स्पर्धक कंपन्यांच्या प्रत्येकी एक लाख गाड्यांत सारखाच दोष निघाला आणि दर गाडीच्या दुरुस्तीला २,००० रुपये लागतात. पहिली कंपनी दोष जाहीर करते. तिला २० कोटी रुपये खर्च येतो आणि वर्तमानपत्रांतून तिची नाचक्की होते ती वेगळीच. दुसरी गप्प बसते. ती पकडली गेली तर दुरुस्तीचे २० कोटी आणि दंडाचा १ कोटी, असे २१ कोटी तिला मोजावे लागतील. पण पकडले जाण्याचा संभव निम्माच असेल, तर तिच्या हिशेबी या मौनाची किंमत साडेदहा कोटी एवढीच भरते. याचा अर्थ असा की, सरकारची नजर जेथे कमी पोचते तेथे गप्प बसणे हाच किफायतशीर धंदा ठरतो आणि खरे बोलणाऱ्याला शिक्षा होते. ही शिक्षा सरकार देत नाही, सरकारची गैरहजेरी देते.

पंच आणि खेळाडू

सरकार स्वतःच एका खेळाडूचे मालक असेल, तर पेच अधिकच अवघड होतो. याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा तेथे १९६६ पासून आहे. २००९ च्या मंदीत जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि तिला वाचविताना अमेरिकन सरकारकडे तिचे सुमारे ६१ टक्के भाग आले. त्याच सुमारास तिची प्रतिस्पर्धी असलेल्या जपानी टोयोटा कंपनीच्या गाड्यांचा वेग आपोआप वाढतो, अशा तक्रारी गाजू लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये परिवहन मंत्री रे लाहूड यांनी या गाड्या चालविणे थांबवा, असे सांगितले आणि त्याच दिवशी ते शब्द मागे घेतले. पुढे त्या कंपनीला त्या वेळच्या कमाल मर्यादेचा, म्हणजे १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड झाला. पायाखालच्या मॅटमध्ये अडकणारे आणि चिकटून राहणारे पेडल हे दोष खरे होते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत बिघाड असल्याचा संशय मात्र ‘नासा’च्या तपासणीत २०११ साली खरा ठरला नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांची चावीची खटकी चालत्या गाडीत बंद पडत असे. इंजिन थांबे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. कंपनीतील काही जणांना हे अनेक वर्षे माहीत होते. सरकारच्या सुरक्षा यंत्रणेने २००७ आणि २०१० साली याची रीतसर चौकशी करायची की नाही याचा विचार केला व ती केली नाही. सरकारने आपले शेवटचे भाग डिसेंबर २०१३ मध्ये विकले आणि गाड्या परत मागविणे सुरू झाले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. या दोषापायी झालेले १२४ मृत्यू कंपनीच्या भरपाई निधीने मान्य केले.

सरकारने मालकीपोटी आपल्या कंपनीला झाकले, असे सिद्ध झालेले नाही आणि तसा आरोप करणे अन्यायाचे होईल. २००७ साली तर सरकार मालक नव्हतेच. परंतु ज्याच्या खिशात एका पैलवानावर लावलेला पैसा आहे, त्याने आखाड्यात पंच म्हणून उभे राहिले, तर त्याचा बरोबर निर्णयही लोकांना खोटा वाटतो. निःपक्षपातीपणा असून भागत नाही, तो दिसावाही लागतो.

आपल्याकडे हा पेच परका नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या मारुती उद्योगाची मालकी प्रथम सरकारचीच होती. डिसेंबर १९८३ मध्ये तिची पहिली गाडी रस्त्यावर आली तेव्हा परवाने, आयातकर आणि वाहनांचे नियम ठरविणारेही सरकारच होते. मुंबईची प्रीमियर आणि कलकत्त्याची हिंदुस्तान मोटर्स यांना याच सरकारशी सामना करावा लागला. सरकारने २००२ मध्ये मारुतीवरील ताबा सोडला आणि २००७ मध्ये शेवटचे भाग विकले. या सर्व काळात रिकॉलचा कायदाच नसल्याने पक्षपाताचा प्रश्न कोणी विचारला नाही, एवढेच.

महाराष्ट्रातील धडे

मालकी गेली म्हणून हितसंबंध गेले, असे नव्हे. चाकण, तळेगाव, छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांसाठी राज्ये एकमेकांशी चढाओढ करतात. वाहनांच्या विक्रीवर कर मिळतो, हजारो हातांना काम मिळते. हे सारे इष्टच आहे. पण ज्याला कारखाना आणायचा आहे त्यालाच त्या कारखान्याचा दोष काढायला सांगितले, तर त्याची लेखणी अडखळणारच.

काही जुनी प्रकरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. २०१० साली टाटांच्या नॅनो गाड्यांना आगी लागल्याच्या घटनांनंतर कंपनीने सर्व मालकांना जादा संरक्षक भाग फुकट बसवून देऊ केले. मात्र हे ‘परत मागविणे’ नव्हे, असे तिचे म्हणणे होते. कायद्यात व्याख्याच नसल्यामुळे ते खोडून काढणे कोणाला शक्य नव्हते. २०१३ साली जनरल मोटर्सने २००५ पासूनच्या १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत मागविल्या. चाचणीसाठी द्यायच्या इंजिनांत फेरफार केल्याचे कंपनीनेच कबूल केले होते. ही गाडी ग्रामीण महाराष्ट्रात भाड्याच्या प्रवासाचा आधार होती. तिचा निर्माता २०१७ अखेर भारतातील विक्री बंद करून बाजारातून निघून गेला. २०१५ साली फोक्सवॅगनचा जागतिक घोटाळा फुटला. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’ने तपासणी केली आणि डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत मागविण्याचे जाहीर केले. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिला ५०० कोटींचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

ही तीन प्रकरणे शेजारी ठेवली की तराजूतील फरक दिसतो. एका ठिकाणी कंपनीच्या शब्दावर भागले, दुसऱ्या ठिकाणी सरकारी समिती नेमली गेली, तिसऱ्या ठिकाणी लवादाचा दंड झाला. तिन्ही दोष सारखे नव्हते, म्हणून निकाल सारखेच असावेत असे कोणी म्हणणार नाही. पण कोणत्या दोषाला कोणती वाट, हे आधी ठरलेले नव्हते. वाट प्रसंगानुसार पडत गेली, हा खरा आक्षेप आहे.

कायदा आल्यानंतरची पहिली मोठी कसोटी २०२२ सालची. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेची विजेवर चालणारी स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून निघालेल्या वीस स्कूटर जळाल्या. केंद्राने संरक्षण संशोधन खात्याच्या प्रयोगशाळेकडे चौकशी सोपविली आणि सदोष गाड्या परत मागविल्या नाहीत तर दंड करू, अशी तंबी परिवहन मंत्री नितीन गडकरी यांनी दिली. ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने २,००० आणि ओलाने १,४४१ स्कूटर परत मागविल्या. हे परत मागविणे कागदोपत्री स्वेच्छेचे होते. तंबीखालची स्वेच्छा कितपत स्वेच्छा, हे सुज्ञांना सांगायला नको. जूनमध्ये वसईत टाटांची विजेवरील मोटार पेटली तेव्हा तिचीही चौकशी सरकारने लावली, हे मात्र नोंदवले पाहिजे. नवखा आणि मातब्बर असा भेद तेथे केला गेला नाही. पुढे १ डिसेंबर २०२२ पासून बॅटरीचे कडक नियम सर्वांना सारखेच लागू झाले. निःपक्षपाती कारभार अशक्य नाही, याचा हा पुरावाच म्हणायचा.

तराजू कोठे कलतो

तरीही यंत्रणेत काही त्रुटी राहिल्या आहेत. पहिली चाचणी संस्थांबाबत. केंद्रीय नियमांनी मान्य केलेल्या संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत: पुण्याची एआरएआय, पुण्याचीच केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आणि अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’. शेवटची संस्था संरक्षण खात्याची, तर १९६६ सालची एआरएआय ही वाहन उद्योगाने केंद्र सरकारच्या साहाय्याने उभारलेली. तिच्या तंत्रज्ञांच्या योग्यतेबद्दल शंका नाही आणि फोक्सवॅगनच्या वेळी तिने आपले काम चोख केले. पण ज्या संस्थेने गाडीला मूळ मान्यता दिली तिनेच पुढे त्या गाडीचा दोष शोधावा, ही रचना सदोष आहे. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्यासारखे ते आहे. एका संस्थेने मान्य केलेल्या गाडीची तक्रार दुसरीकडे पाठविण्याचा साधा नियमही यावर उतारा ठरेल.

दुसरी त्रुटी तक्रारींच्या संख्येची. नियमांत विक्रीच्या टप्प्यांनुसार तक्रारींची किमान संख्या ठरविली आहे. काचेच्या करकरीला शेकड्यांनी तक्रारी येतील. ब्रेक निकामी होण्याचा दोष दहाच गाड्यांत प्रकटेल, पण त्या दहा गाड्यांतील माणसे परतणार नाहीत. जिवाच्या प्रश्नाचा निकाल मतमोजणीने लावता येत नाही. चाचणी संस्थेच्या अहवालावर किंवा अन्य माहितीवर कारवाई करण्याची मुभा कायद्यात आहे. अपघातांचे पंचनामे आणि विम्याचे दावे यांतून ही माहिती नियमाने गोळा केली, तरच ती मुभा कामाची.

तिसरी दंडाची. दहा लाखांच्या गाड्या विकणाऱ्याला १ कोटीचा दंड म्हणजे दहा गाड्यांची किंमत. कायद्याच्या १८२-अ कलमात १०० कोटींपर्यंतचा दंड आणि एक वर्षापर्यंतची कैद आहे खरी. पण ते ब्रह्मास्त्र आहे आणि ब्रह्मास्त्र रोज वापरता येत नाही. स्पर्धा कायद्यात उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. तोच न्याय येथे लावला तर लहान कंपनी चिरडली जाणार नाही आणि मोठीला दंड चिल्लर वाटणार नाही.

चौथी त्रुटी सर्वांत मूलभूत आहे. निर्णय घेणारे खाते मंत्र्यांच्या हाताखालचे आहे. कायद्याने राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाची तरतूद केली. पण ते सल्लागारच आहे. नियमन करणारी संस्था कालांतराने ज्यांचे नियमन करायचे त्यांच्याच कह्यात जाते, असा इशारा जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये दिला होता. स्वतंत्र मंडळ नेमल्याने हा धोका संपत नाही. संपतो तो कारभार उघड ठेवल्याने. कोणती तक्रार केव्हा आली, कोणाकडे तपासाला गेली, काय निष्पन्न झाले आणि कारवाई झाली नसेल तर का नाही, हे प्रत्येक कंपनीबाबत सारख्याच नमुन्यात प्रसिद्ध झाले, तर पक्षपाताला लपायला जागा उरणार नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग एकोणीस उत्पादकांच्या गाड्यांत बसल्या होत्या; एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवाव्या लागल्या. एकाच पुरवठादाराचा भाग अनेक गाड्यांत जातो, तेव्हा एका कंपनीची नोंद दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाचा जीव वाचवू शकते.

उद्योगाचीही एक बाजू आहे. रिकॉलची बातमी आली की लोक त्या गाडीला वाईट समजतात, म्हणून कंपन्या कचरतात. पण स्वतःहून दोष सांगणारी कंपनी बेजबाबदार ठरत नाही, उलट जबाबदार ठरते, एवढा विवेक वृत्तपत्रांनी आणि वाचकांनीही बाळगायला हवा. प्रामाणिकपणाला हसणारा समाज अप्रामाणिकपणाला उत्तेजनच देत असतो.

शेवटचा मालक

या साऱ्या वादात ज्याची आठवण कोणालाच राहत नाही, तो म्हणजे गाडीचा दुसरा किंवा तिसरा मालक. कोल्हारसारख्या गावातला शिक्षक, सोसायटीचा कारकून किंवा भाड्याने गाडी चालवणारा तरुण नवी गाडी क्वचितच घेतो. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षे चाललेली गाडी त्याच्या वाट्याला येते. कंपनीचे पत्र गेले तरी ते पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते. गाडीने सात वर्षे ओलांडली की नियमाचे संरक्षणही संपते. अमेरिकेत हीच मर्यादा पंधरा वर्षांची आहे. गाडी जुनी झाली म्हणून कारखान्यातला दोष जुना होऊन नाहीसा होत नाही, आणि गरिबाच्या जिवाची मुदत श्रीमंताच्या जिवापेक्षा आधी सरत नाही.

यावरचा उपाय फार खर्चाचाही नाही. श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात गाडी नव्या मालकाच्या नावावर होते तेव्हा तिच्या सांगाडा क्रमांकासमोर दुरुस्ती बाकी असल्याची नोंद दिसली, योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी ती विचारली गेली आणि सात वर्षांची मर्यादा पंधरावर नेली, तर कायद्याचा हात महामार्गाकडेच्या गॅरेजपर्यंत पोचेल. कंपन्या-कंपन्यांत सरकार भेद करते की नाही, हे दिल्लीतल्या निवेदनांवरून कळणार नाही. प्रवरेच्या पुलावरून रात्री घरी परतणाऱ्या जुन्या गाडीचा ब्रेक, ती कोणत्याही कंपनीची असो, वेळेवर लागतो की नाही, यावरूनच ते कळेल.